गच्चीवरचं मराठी

आमच्या इमारतीच्या गच्चीला यंदा कुलूप लागलं. चांगलं मोठं पितळी कुलूप आहे, आणि शेजारी पाटी: ‘गच्चीवर सौर पॅनेल बसवले आहेत. वाळवण, गप्पा व इतर उद्योग आपापल्या घरी करावेत.’ यातला ‘गप्पा’ हा शब्द माझ्यासाठी आहे, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एकटीच भांडले होते. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘अहो वहिनी, हल्ली कुरडया घरी कोण करतं? सगळं विकत मिळतं की.’’ मी म्हटलं, ‘‘जे गच्चीवर मिळायचं ते विकत मिळत नाही.’’ सगळे हसले. त्यांना वाटलं मी चवीबद्दल बोलतेय. मला नीट सांगता आलं नाही आणि तो राग अजून गेलेला नाही.

चैत्र निम्मा सरला की सकाळी आठालाच ऊन चटचटायला लागतं आणि माझे हात आपोआप वरच्या फळीवरच्या सोऱ्याकडे जातात. यंदाही गेले. सोऱ्या काढला, पुसला, परत ठेवला. मग उगाच जिना चढून गच्चीच्या दारापर्यंत गेले आणि कुलपाकडे बघून खाली आले. आमचे हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, ‘‘उघडलं का बघून?’’ लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अशा प्रश्नाला उत्तर देत नाहीत.

या गच्चीवर मलर मराठी शिकली. मलर माझी सून. मदुराईची. मलर म्हणजे फूल, एवढं एकच तमिळ मला तेव्हा ठाऊक होतं. नीरजनं, माझ्या मुलानं, ऑफिसात जमवलेलं लग्न. आमची काही हरकत नव्हती. मुलगी गुणी, हसरी, पानात वाढलेलं सगळं संपवणारी. अडचण एकच, आम्हा दोघींना मिळून एकही भाषा नव्हती. तिला तमिळ आणि इंग्रजी, मला मराठी आणि हिंदी. माझं इंग्रजी म्हणाल तर शाळेत चांगल्या मार्कांनी पास झालेलं, आणि तिथंच राहिलेलं. प्रयोग बदला म्हटलं तर आजही बदलीन. पण बँकेतून फोन आला आणि पलीकडची मुलगी इंग्रजीत बोलायला लागली की मी फोन ह्यांच्याकडे देते.

मधे दुभाषा होता नीरज. त्याच्याइतका कंजूष दुभाषा जगात नसेल. मलरला ताप होता तेव्हा मी त्याला सांगितलं, ‘‘तिला म्हणावं, अंगावर काढू नकोस, मी सुंठ-मिऱ्याचा काढा करते, तो जरा तिखट लागेल पण उतार पडेल, आणि घर आपलंच आहे, लाजू नकोस.’’ नीरज तिच्याकडे वळून म्हणाला, ‘‘टेक रेस्ट.’’ संपलं. तीही त्याच्याशी बराच वेळ काहीतरी बोलली, डोळे भरून आले तिचे. मी विचारलं, ‘‘काय म्हणतेय?’’ ‘‘थँक्स म्हणतेय.’’ एवढे डोळे कुणाचे थँक्सनं भरत नाहीत. मधलं सगळं त्यानं गिळलं होतं, आणि मला ते काय होतं हे आजपर्यंत कळलेलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या लिमयेबाई जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, ‘‘नशीबवान आहात हो! सून येऊन वर्ष होत आलं, तुमच्या घरातून एक शब्द ऐकू येत नाही.’’ एक शब्द ऐकू येत नाही हेच तर दुखणं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो. सकाळी हसायचो, जेवताना हसायचो, निजायला जाताना हसायचो. परक्या माणसाशी वागावं इतकं छान वागायचो. भांडायचं म्हटलं तरी कशात भांडणार?

तिला शिकायचं नव्हतं असं कुणी म्हणू नये. लग्नानंतरच्या महिन्यातच तिनं शनिवार-रविवारचा मराठीचा क्लास लावला. तिथले सर मराठी शिकवायचे इंग्रजीतून. पहिल्या दिवशी मुळाक्षरं, मग लिंग, मग विभक्ती. ‘रामाने, रामाला, रामाहून’ असं ती गॅलरीत फेऱ्या मारत म्हणायची. आमच्या घरात राम नावाचं कुणी नाही. परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालं, नीरजनं पेढे आणले. त्या संध्याकाळी तिला ठसका लागला आणि पाणी हवं होतं, तर तिनं हातानं ग्लासाची खूण केली.

घरात आमचे हे होते. शाळेत गणित शिकवत होते आणि दुसऱ्याची चूक दिसली की यांना ती खोडल्याशिवाय घास उतरत नाही. मलरनं तोंड उघडलं रे उघडलं की ‘‘तो नव्हे, ते.’’ पुढचे दोन शब्द बोलली की ‘‘आली नव्हे, आले.’’ बिचारी वाक्याच्या शेवटापर्यंत कधी पोचलीच नाही. काय सांगायला निघाली होती ते तिच्याही लक्षात राहत नसे. दोन-तीन आठवडे असं झालं आणि ती यांच्यासमोर बोलेनाशी झाली. हे मला म्हणाले, ‘‘क्लासचा काही उपयोग दिसत नाही.’’

आणि बाहेर आपलं पुणं! पुण्याबद्दल मला कुणी बोललेलं खपत नाही, पण हे मी स्वतः बोलणार. चौकात, कट्ट्यावर, मीटिंगमध्ये जो तो कुरकुरतो की शहरात मराठी ऐकू येत नाही, बाहेरून येतात आणि शिकत नाहीत. आणि एखादी येते, शिकते, चार शब्द जुळवून बोलते, तर हेच लोक तिच्याशी हिंदीत सुरू होतात. मंडईत मलरनं घरून पाठ केलेलं वाक्य विचारलं, ‘‘पालक ताजी आहे का?’’ भाजीवाला म्हणाला, ‘‘एकदम ताजा है मॅडम, सुबह का माल है.’’ तिनं माझ्याकडे बघितलं. तिला हिंदी येत नाही! मराठीचे चार शब्द येत होते, हिंदीचा एकही नाही. मी भाजीवाल्याला म्हटलं, ‘‘अहो, ती मराठीत बोलली ना तुमच्याशी?’’ तो म्हणाला, ‘‘हो, पण त्या बाहेरच्या दिसतात ना.’’ आता चेहरा कुठून बदलून आणायचा? रिक्षावाला तसाच, औषधाच्या दुकानातला तसाच, पोस्टातल्या बाई तशाच. सगळ्यांना वाटायचं आपण तिची सोय बघतोय. ती एक-एक पायरी चढून दारापर्यंत यायची आणि हे लोक मोठ्या अदबीनं दार लावून घ्यायचे.

जे हिंदीत शिरत नसत ते दुसऱ्या टोकाचे. हळदीकुंकवाला गेलो की कुणीतरी म्हणायचंच, ‘‘बोलून दाखव ना काहीतरी मराठीत!’’ पोपट आणलाय का मी? ती लाजत ‘माझं नाव मलर आहे’ म्हणायची आणि सगळ्या बायका एका सुरात ‘‘कित्ती गोऽड!’’ करायच्या. परतताना रिक्षात ती बाहेर बघत बसायची. तमिळमध्ये ही मुलगी काय असेल, कशी बोलत असेल, कुणाची टर उडवत असेल, हे मला रोज संध्याकाळी कळायचं, कारण ती आईशी फोनवर बोलायची. काय ते बोलणं! हात, भुवया, मान, सगळं बोलायचं. फोन ठेवला की पुन्हा ‘माझं नाव मलर आहे’.

त्या फोनमुळे मला मात्र एक गंमत कळली. तिच्या आईचा आवाज फोनमधून बाहेर यायचा. रोज जेवायच्या वेळी पहिला प्रश्न तोच, ‘‘साप्टियाडी?’’ जेवलीस का गं? मला हे कुणी सांगितलं नाही. पुस्तकात बघितलं नाही. जेवायची वेळ, आईचा आवाज, तिचं उत्तर आणि ताटाकडे गेलेली नजर, एवढ्यावरून कळलं. आणि कळलं ते पुसलं जाणार नाही. माझं हिंदी तरी मला कुणी शिकवलं? दुपारी रेडिओ चालू असायचा, रविवारी टीव्हीवर सिनेमा लागायचा, रडणं-भांडणं डोळ्यांना दिसायचं आणि शब्द मागून येऊन बसायचे. शाळेत शिकले ते इंग्रजी गेलं आणि न शिकलेलं हिंदी राहिलं. पण मी हे बोलायला गेले की हे म्हणायचे, ‘‘व्याकरणाशिवाय भाषा म्हणजे पायाशिवाय इमारत.’’ आपण कडेवरच्या बाळाला ‘हा बघ काऊ, हा काऊ आला’ असं महिनोन्‌महिने सांगतो, ते बाळ वर्षभर नुसतं ऐकतं, आणि त्याची परीक्षा कुणी घेत नाही. मोठ्या माणसाला मात्र ऐकायची सवड नाही. त्यानं आल्या दिवसापासून बोलूनच दाखवायचं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग तो उन्हाळा आला. चार-पाच वर्षं झाली असतील. मलरचं ऑफिस घरूनच चालायचं आणि काम दहाला सुरू व्हायचं, त्यामुळे सकाळी ती रिकामी. मी गच्चीवर निघाले की मागोमाग यायची. शिजवलेला गव्हाचा चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो, गार झाला की दगड. म्हणून शेगडी आणि छोटा सिलिंडर आम्ही वरच न्यायचो. शेगडीपाशी मी, सोऱ्यापाशी शहनाजभाभी, आणि लिमयेबाई सावलीत खुर्ची टाकून देखरेखीला.

शहनाजभाभी दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. माझ्या लग्नाच्या आधीपासून त्या या इमारतीत. ब्लाऊज शिवायच्या, पेठेतल्या निम्म्या बायकांची मापं त्यांना पाठ. मराठी असं की आमच्यासारख्यांनी ऐकत राहावं. तरी दुकानात कुणी त्यांचं नाव ऐकलं की ‘‘आपको क्या चाहिये?’’ म्हणून सुरू व्हायचा. त्या म्हणायच्या, ‘‘अहो, नाव उर्दू आहे, कान मराठीच आहेत.’’ मलरचं दुखणं काय आहे हे बहुतेक इमारतीत त्यांनाच कळत असावं.

पहिल्याच सकाळी लिमयेबाईंनी खुर्चीवरून सुरू केलं, ‘‘बेटी, धूप मे मत बैठो, काला हो जायेगा.’’ शहनाजभाभी सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाल्या, ‘‘लिमयेबाई, तिला हिंदी येत नाही. आणि तुम्हालाही.’’ त्यानंतर गच्चीवर हिंदी झालं नाही.

शिकवण्याचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ऊन वर यायच्या आत घालून संपवायचं, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. ‘‘हे धर.’’ हातात फडकं. ‘‘घट्ट धर गं.’’ ‘‘आता सोड.’’ ‘‘कागद ताण.’’ ‘‘तिकडून, तिकडून.’’ दुसऱ्या दिवशी: ‘‘ही उलट. हळू, तुटेल. ती कडेची राहू दे, ओली आहे अजून.’’ ओली म्हणजे काय ते बोटाला लागत होतं. तुटेल म्हणजे काय ते तुटल्यावर कळत होतं. तेच शब्द रोज सकाळी, त्याच वस्तूंच्या शेजारी. आणि ती काही म्हणते का, म्हणाली तर बरोबर म्हणते का, हे बघायला कुणाचे हात मोकळे नव्हते. आमचे हे वर येऊ शकत नव्हते. यांचे गुडघे जिन्याला राजी नाहीत. त्या उन्हाळ्यात त्या गुडघ्यांचे फार उपकार झाले.

कुरडया घालून झाल्या की कबुतरं राखायला बसायचं. मग गप्पा. शहनाजभाभी गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायच्या. एक बाई दर दिवाळीला जुन्याच मापाचा ब्लाऊज शिवायला सांगतात आणि तो होत नाही म्हणून कापडाला दोष देतात, ही गोष्ट सांगताना त्या श्वास ओढून, पोट आत घेऊन, त्या बाईच व्हायच्या. सुरुवातीला मलर आमचं हसून झाल्यावर हसायची, आम्ही हसतोय म्हणून. काही दिवसांनी आमच्याबरोबर हसायला लागली. आणि एक दिवस शहनाजभाभींची गोष्ट शेवटाला यायच्या आधीच ती फिसकन हसली. मी शेगडीवरून मान वर करून बघितलं. तिला पुढचं कळलं होतं. बोलत काहीच नव्हती, पण आत सगळं साचत होतं.

आणि मग एका सकाळी मी लिमयेबाईंशी बोलत होते, मान वळलेली, हातातला डाव थांबलेला. एकदम मलर ओरडली, ‘‘आई, खाली लागतंय! लागतंय खाली!’’

मी खडबडून डाव फिरवला. पातेल्याच्या बुडाला चीक धरायला लागला होता. तिला वासावरून कळलं आणि तोंडातून ते आलं. ‘लागतंय’! करपायच्या आधीची ती अवस्था, तिला आपण काय म्हणतो ते कुठल्या क्लासमध्ये सांगतात? क्षणभर तिचं तिलाच नवल वाटलं, हात तोंडावर गेला. आता लिमयेबाई ‘कित्ती गोड’ करणार, असं मला वाटलं. पण शहनाजभाभी सोऱ्यावरून मान न उचलता म्हणाल्या, ‘‘मग बघत काय बसलीस? हलव की.’’ ती उठली, माझ्या हातातला डाव घेतला आणि हलवायला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटतं, कुणी वाजवल्या नाहीत म्हणूनच दुसरं वाक्य आलं.

त्यानंतर थांबली नाही. चुकायची, भरपूर चुकायची, पण वाक्य शेवटापर्यंत न्यायची. वाळवण संपेपर्यंत ती मला तिच्या आजोळच्या गच्चीवरच्या वडामांबद्दल सांगत होती, त्यांच्याकडे तांदळाचे असतात ते. तिच्या आजीचा कावळ्यांना शिव्या देणारा आवाज काढून दाखवत होती. मदुराईची माझी सून मला पहिल्यांदा भेटली ती तेव्हा, लग्नानंतर दीड वर्षानं.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढं नीरजच्या ऑफिसची जागा बदलली. रोज नारायण पेठेतून नगर रोडला जाणं म्हणजे निम्मं आयुष्य सिग्नलला. दोघं वाघोलीला राहायला गेली. छान घर आहे, बाराव्या मजल्यावर, वारा येतो. सोसायटीत देशभरातली माणसं. लिफ्टमध्ये इंग्रजी, वॉचमनशी इंग्रजी-हिंदीची खिचडी, घरात नीरजशी इंग्रजी. मराठी कानावर पडायला जागाच नाही. नीरजला म्हटलं, ‘‘तू तरी बोल तिच्याशी मराठीत.’’ म्हणतो, ‘‘आई, सवय नाही गं, आमचं नातंच इंग्रजीत आहे.’’ घ्या! तिकडे शहनाजभाभी मुलाकडे कोंढव्याला गेल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

फोनवर मला कळत होतं. आधी ती भरभरून सांगायची. मग शब्द शोधायला थांबायला लागली. मग ‘‘हो आई’’, ‘‘बरं आई’’ एवढ्यावर यायला लागलं आणि शेवटी ‘‘नीरजला देते’’. अळवावरचं पाणी बघता बघता घरंगळावं तसं. मला रात्री झोप लागायची नाही असं मी म्हणणार नाही, लागायची. पण सकाळी उठल्यावर तोच विचार. एवढी एक भाषा होती आमच्यात. ती गेली की मी तिच्यासाठी पुन्हा हसणारी बाई, आणि ती माझ्यासाठी ‘थँक्स म्हणतेय’. तिच्या मनात काय आहे हे मला नीरजच्या दोन शब्दांतून कळणार. या वयात मला असली सून नको होती. मला बोलणारी सून मिळाली होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत मुकी होत होती.

म्हणून गच्चीच्या कुलपाचा मला एवढा राग आला. दर चैत्रात ती आठवडाभर इथं राहायला यायची आणि कुरडयांबरोबर भाषाही पुन्हा उन्हाला लागायची. यंदा ते नाही. आता कुठं घालायच्या? गॅलरीत दोरीवर कपडे वाळतात तेवढीच जागा. मी नीरजला फोन करून सांगितलं, ‘‘यंदा राहू दे. गच्ची बंद झालीय, मला वाईट वाटतंय, मी भांडले पण कुणी ऐकलं नाही. तिला नीट समजावून सांग, नाहीतर तिला वाटेल मी बोलवत नाही.’’ एवढं सगळं सांगितलं. त्यानं तिला काय सांगितलं असेल हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गेल्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात मलर, दोन्ही हातांत झाकणाचे स्टीलचे डबे, आणि मागे नीरज, परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा. डब्यांतून आंबूस वास जिनाभर पसरला होता. भिजलेल्या गव्हाचा वास मी झोपेतही ओळखीन.

‘‘आई, गहू तीन दिवस भिजवले,’’ ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली. ‘‘रोज पाणी बदललं. काल हा म्हणतो, कॅन्सल. कॅन्सल म्हणजे काय?’’

‘‘अगं, गच्चीला कुलूप...’’

‘‘मग मला फोन का नाही केला? माझा नंबर नाही तुमच्याकडे?’’

असं बोलायला ती गच्चीवरच शिकली, हे सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, ‘‘नीरजला सगळं सांगितलं होतं. म्हटलं, तुला फोनवर नीट कळलं नसतं.’’

डबे तिनं दाणकन टेबलावर ठेवले. ‘‘कळलं नसतं, तर परत सांगायचं. नाही कळलं, तर अजून सांगायचं. गच्चीवर तुम्ही सांगत होता ना? हे धर, ते सोड, हळू, हळू, शंभर वेळा? तेव्हा मला काय कळत होतं? आता तुम्ही सगळं ह्याला सांगता. हा मला अर्धं सांगतो. अर्धं पण नाही, पाव!’’

नीरज मधे पडला, ‘‘आईला म्हणायचंय की...’’

‘‘मला कळलं तिला काय म्हणायचंय!’’

आमचे हे खुर्चीतून पुढे झुकले. यांच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं, ‘तिला’ नव्हे ‘त्यांना’ म्हणून सांगायला निघालेत. मी नुसतं बघितलं. मलरनंही बघितलं. ‘‘बाबा, आत्ता नको,’’ ती म्हणाली. हे मागे टेकले.

मग मलाही राग आला. खरंच आला. मी काय कमी झुरले होते? ‘‘आणि तू गं? फोन ह्याच्या हातात कोण देतं? मी दहा गोष्टी विचारते, तू ‘बरं आई, बरं आई’. मला काय समजायचं त्यातून?’’

‘‘मी ऑफिसमधून दमून येते. मला शब्द शोधायला वेळ लागतो. मी शोधते, तोपर्यंत तुम्ही म्हणता, बरं, ठेवते हं. तुम्ही थांबत नाही!’’ तिचा आवाज फुटला. ‘‘मी विसरते मराठी, तर तुम्ही जास्त बोलायला पाहिजे. तुम्ही कमी बोलता. गच्चीला त्यांनी कुलूप लावलं. तुम्ही मला का लावलं?’’

जे माझ्या मनात इतके दिवस खदखदत होतं, मीटिंगमध्ये मला सांगता आलं नव्हतं, ते ही मुलगी माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्यावरच ओतत होती. मी म्हटलं, ‘‘जेवलीस का?’’

‘‘नाही. आणि विषय बदलू नका.’’

आणखी बरंच झालं. दिवाळीची साडी निघाली, तिला न आवडलेली आणि तिनं तीन वर्षं हसत नेसलेली. माझ्याकडची वाघोलीच्या बाराव्या मजल्याची तक्रार निघाली. काढ्याचा विषय निघाला. तो तिला भयंकर तिखट लागला होता आणि नीरजनं मला ‘छान होता’ असं कळवलं होतं. आम्ही दोघींनी मिळून नीरजकडे बघितलं. तो डबे उचलून आत गेला आणि कुणी सांगितलं नसताना मिक्सर काढून गहू वाटायला बसला.

दुपारपर्यंत गहू वाटून, पिळून, गाळून झाले. रागात कामं भरभर होतात. पातेली निवळायला ठेवली. उद्या सकाळी चीक शिजवायचा आणि कुरडया गॅलरीत, खिडकीच्या कट्ट्यावर, यांच्या आरामखुर्चीवर, जिथं ऊन येईल तिथं घालायच्या, असं तिनं ठरवलं. मला विचारलंसुद्धा नाही. मी कुरकुरले, ती उलट बोलली, मी पुन्हा कुरकुरले.

संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले तर लिमयेबाई त्यांच्या दारातच उभ्या होत्या. माझी वाट बघत असाव्यात. चेहरा अगदी हळवा केलेला.

‘‘काय हो,’’ त्या हळूच म्हणाल्या, ‘‘सकाळी फार आवाज येत होता. सुनेशी भांडण झालं वाटतं? इतकी वर्षं कधी एक शब्द नाही, आणि आज एकदम...’’

‘‘झालं ना,’’ मी म्हटलं. ‘‘दोन तास झालं. आणि सगळंच्या सगळं मराठीत झालं.’’